प्रत्यक्ष ताबा

माझी खुर्ची वरच्या मजल्यावरून खाली आली तेव्हा मी तळमजल्यावर दहावीला प्रमेय शिकवत होते. खिडकीबाहेरून काहीतरी काळं सर्रकन गेलं, दाणकन आवाज झाला आणि पोरं फळा सोडून खिडकीकडं पळाली.

"बाई, तुमची खुर्ची!"

पाठोपाठ टेबल आलं. मग टेबलावरचा पृथ्वीचा गोल आला. तो मात्र फुटला नाही, उड्या मारत मैदानभर हिंडला.

मी खडू टाकला आणि वर धावले. ऑफिसच्या दारात आमचे पी.टी.चे बनसोडे सर जमिनीवर बसले होते. तोंडावर धरलेला रुमाल लाल झाला होता. ते आडवे गेले म्हणून कुणीतरी शाळेची पितळी घंटा उचलून त्यांच्या तोंडावर घातली होती. समोरचे दात उंबऱ्यात पडले होते.

आत आबांची माणसं होती. मी पदर खोचला.

"कुणाच्या परवानगीनं आलात? व्हा बाहेर!"

"बाई, तुमी बोलू नगा," त्यांच्यातला एक जाडा म्हणाला. "आबांचा हुकूम हाय. हितनं फुडं ह्या हापिसात एकच खुर्ची ऱ्हाणार."

ती एक खुर्ची माझ्या नवऱ्याची होती. ते तिच्यावर बसले नव्हते. भिंतीला टेकून उभे होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे गप्प राहा. मी गप्प राहणाऱ्यातली नव्हे. मी त्या जाड्याला दोन्ही हातांनी ढकललं. त्यानं मला कपाटावर आपटलं, आणि कपाळावर टेंगूळ घेऊन मी पुन्हा खाली वर्गावर गेले. प्रमेय अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं.

एका ऑफिसात नवरा-बायकोच्या दोन खुर्च्या कशा, ते आधी सांगायला हवं. निंबोड्याची आमची शाळा भोइट्यांच्या संस्थेची. थोरले भोइटे गेले आणि त्यांचा मुलगा रंगराव, म्हणजे आबा, आणि पुतण्या जयसिंग, म्हणजे नाना, यांच्यात फाटलं. आबा म्हणायचे खरी संस्था आमची, नाना म्हणायचे आमची. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथंच मुरत पडलं. आबांनी खोतसरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुख्याध्यापक केलं. त्याच आठवड्यात नानांनी मला मुख्याध्यापिका केलं. नवरा-बायकोत लावून दिली की शाळा आपसूक हातात येईल, असा नानांचा डाव होता.

ऑर्डर घेऊन मी घरी आले त्या संध्याकाळी आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

"मग मुख्याध्यापिकाबाई," हे म्हणाले, "आता आमच्या भाकरीचं काय?"

"अर्ज करा. विचार करू."

हसून झाल्यावर त्यांनीच डोकं चालवलं. म्हणाले, दुसऱ्या कुणाला नेमलं असतं तर डोकी फुटली असती. ही तर बरी संधी आहे. शाळेत आपण आबांचे आणि नानांचे, घरी आपण आपले. तेव्हापासून आमच्या शाळेचा खरा कारभार आमच्या स्वयंपाकघरात चालायचा. मी भाकरी थापायची, त्यांनी कांदा चिरायचा आणि दोन्हीकडचे हुकूम समोर ठेवून मधली वाट काढायची. आबांनी सुट्टी दिली आणि नानांनी शाळा भरवा म्हटलं की आम्ही सकाळची अर्धी शाळा भरवायचो. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांनी ओढायची, सव्वीस जानेवारीला मी. शेजारच्या तालुक्यात अशाच भांडणात शाळेला कुलूप लागलं होतं आणि पोरं देवळाच्या ओवरीत बसून शिकत होती. आमच्या शाळेला कुलूप लागू द्यायचं नाही आणि पोरांच्या अंगावर ओरखडा येऊ द्यायचा नाही, एवढंच आमचं ठरलेलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मी या माणसावर जीव ओवाळून टाकला असता.

आणि मग ते विधेयक आलं.

सरकार खासगी शाळांच्या कायद्यात दुरुस्त्या करणार होतं. मसुदा जाहीर झाला, लोकांकडून हरकती मागवल्या. त्यात पुष्कळ कलमं होती, फीची, बदल्यांची, शिपायांच्या पदांची. ती निंबोड्यात कुणी वाचली नाहीत. एकच कलम वाऱ्यासारखं गावभर झालं. जिथं संस्थेत वाद आहे तिथं, कायदा लागू होईल त्या दिवशी शाळा ज्यांच्या प्रत्यक्ष ताब्यात असेल, त्यांचाच कारभार कोर्टाच्या निकालापर्यंत मानायचा. मुंबईत बसून हे लिहिणारा माणूस शहाणा असणार. भांडणं थांबावीत म्हणूनच त्यानं ते लिहिलं असणार. पण आमच्याकडं त्याचा अर्थ असा झाला की कायदा यायच्या आत दुसऱ्याला हाणून बाहेर काढायचं.

माझी खुर्ची पडली ती त्यामुळं. आबांचा पहिला हात होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी नानांच्या पोरांनी आबांच्या क्लार्कला एस.टी. स्टँडवर गाठून सायकलच्या चेननं फोडला. त्याची पाठ बघायला मी दवाखान्यात गेले, तर त्याच्या बायकोनं मला आत येऊ दिलं नाही. "तुमच्याच माणसांनी मारलंय बाई," ती म्हणाली. त्या आठवड्यात आमच्या दारातली यांची मोटारसायकल कुणीतरी जाळली. शेजारच्यांनी बादल्या ओतल्या, पण उरला तो नुसता सांगाडा.

मी पेपर घेऊन यांना ओढतच आबांच्या घरी नेलं. आबा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"आबा, हा नुसता मसुदा आहे," मी म्हणाले. "हरकती मागवल्यात. अजून विधानसभेत जायचंय, चर्चा व्हायचीय, मग वरच्या सभागृहात. हे कलम राहील की उडेल, कुणाला पत्ता नाही."

"पोटात हाय म्हंजे हाय," आबा म्हणाले. "जल्माला आल्यावर पाळणा शोदत हिंडायचं व्हय?"

"आणि जन्मलंच नाही तर?"

"अभद्र बोलू नगा, बाई. मसुदा म्हंजे कायदाच की. निस्ती सही ऱ्हायलीया." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आमच्या वकिलानं सांगितलंय. ताबा म्हंजे काय? झेंडा कोण लावतंय त्येचा ताबा. सव्वीस जानेवारीचा फोटू कोर्टात पुरावा म्हणून लागतो."

हे कुठल्या कायद्यात आहे ते मी विचारलं. आबांनी माझ्याकडं लहान पोराकडं बघावं तसं बघितलं. नानांच्या वकिलानं नानांनाही हेच सांगितलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दोन्ही वकील कोर्टासमोरच्या एकाच टपरीवर चहा प्यायचे.

निघताना आबा म्हणाले, "खोतसर, तुमी जरा थांबा."

मी चपला घालून बाहेर उभी राहिले. हे बऱ्याच वेळानं आले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. सव्वीस जानेवारीचं."

"म्हणजे काय ते सांगा की."

"घरी बोलू."

घरी मात्र ते डोकं दुखतंय म्हणून झोपले.

नानांचं वेगळंच. शाळेमागं मुतारीच्या भिंतीला लागून त्यांच्या ट्रॅक्टरनं दगडांची ट्रॉली ओतली होती. हाताच्या मुठीत मावतील असे दगड.

"नाना, हे कशाला?"

"सौरक्षक भिंत बांदायचीया. पोरांच्या सुरक्षेसाठी."

"मग वाळू कुठाय? सिमेंट कुठाय?"

"यील की मागनं."

"मैदानात पोरं असतात, नाना. आजच्या आज उचला ते."

"बाई, तुमाला खुर्ची कुणी दिली? आमी. मग खुर्चीवर बसा. दगडांचं आमी बगतो."

"खुर्ची तर आबांनी खाली फेकली."

"म्हणून तर म्हंतो," नाना हसले, "दगड असूंद्यात."

मी फौजदारांकडं गेले. तांदळे फौजदार नवे होते, माणूस सरळ वाटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन हवालदार पाठवतो म्हणाले आणि दगड बाळगणं हा काही गुन्हा नाही, असंही म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले आणि हे कांदा चिरायला बसले. बऱ्याच दिवसांनी असं बसलो होतो. कांदा चिरता चिरता ते म्हणाले, "सव्वीस जानेवारीला पाळी तुझी. पण आबा ऐकत नाहीत."

"ऐकले नाहीत तर काय करायचं? तुम्ही ओढली तर नाना दगड मारणार. मी ओढली तर आबा."

"आपण दोघांनी मिळून ओढू."

मी तव्यावरून हात काढला. "काय?"

"दोरीला दोघांचे हात. एकाच वेळी. फोटोत दोघं. आबांनाही पुरावा, नानांनाही पुरावा. म्हणजे कुणालाच नाही."

"आबा मानतील?"

"मी बोललोय. मानलंय त्यांनी."

मला इतका आनंद झाला की पिठाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या गळ्यात पडले. हा माणूस शांतपणे बसून असतो आणि वेळ आली की असं काहीतरी काढतो, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांचा हात गार पडला होता, पण थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन नानांना पटवलं. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी आपला फोटोग्राफर आपण आणणार या अटीवर हो म्हटलं.

सव्वीस जानेवारीला उजाडता उजाडता आमच्या दारात एक अनोळखी माणूस उभा. काळा, उंच, हातात भगव्या फेट्याचं बासन.

"मी श्रीपती. आबांच्या वरच्या मळ्यावर असतो. सरांना फेटा बांदाय पाटीवलंय."

"फेटा?" मी यांच्याकडं बघितलं. या माणसानं स्वतःच्या लग्नात फेटा अर्ध्या तासात काढून ठेवला होता, डोकं चावतं म्हणून. "आज काय नवरदेव व्हायचंय?"

"आबांचा आग्रह," हे म्हणाले. "फोटोत शोभतं."

श्रीपतीनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि सावकाश फेटा बांधला. पीळ देऊन, थरावर थर. मधे मी चहा द्यायला आले तर तो बोटांनी डोक्याच्या मागची बाजू दाबून बघत होता.

"बसला का घट?" त्यानं विचारलं.

"बसला," हे म्हणाले.

मी म्हटलं, "एवढा मोठा? डोक्यावर हारा घेतल्यासारखा दिसतोय." कुणी हसलं नाही. श्रीपतीनं चहा एका घोटात संपवला आणि निघून गेला.

मैदानात पोरं रांगेत उभी होती. पुढं लेझमीचं पथक, पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, आणि त्यांची म्होरकी आठवीतली रेश्मा मुल्ला. या पोरीच्या हातात लेझीम नुसती वाजायची नाही, बोलायची. खांबाच्या एका बाजूला आबांची माणसं, दुसऱ्या बाजूला नानांची. कुणाच्याही हातात उघड काही नव्हतं, पण जानेवारीच्या थंडीचं निमित्त करून सगळ्यांनी घोंगडी पांघरली होती. दोन हवालदार फाटकाशी बिड्या ओढत होते. दोन फोटोग्राफर एकमेकांना ढकलत जागा धरत होते.

मी आणि हे समोरासमोर उभे राहिलो. खांब आमच्या मधे. दोघांनी दोरीला हात लावले.

"तू थोडी मागं हो," हे हळूच म्हणाले.

"का?"

"तू माझ्या फोटोत आडवी येतेस."

"मी आडवी यायलाच तर उभी आहे," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.

बनसोडे सरांनी पडक्या दातांनी सावधान म्हटलं. आम्ही दोरी ओढली. वर बघून मी मान खाली आणली आणि मला यांच्या खांद्यामागं श्रीपती दिसला. तो नानांच्या माणसांत उभा होता. घोंगडीतून त्याचा हात बाहेर आला, त्यात कुदळीचा दांडा होता, आणि तो दांडा यांच्या डोक्यावर उचलला गेला.

विचार करायला वेळ नव्हता. "अहो!" म्हणून मी ओरडले, खांबाला वळसा घालून झेप घेतली आणि डावा हात त्यांच्या डोक्यावर धरला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. तो माझ्या हाताचा होता. वर गाठ सुटली, झेंडा उलगडला, झेंडूच्या पाकळ्या आमच्यावर पडल्या आणि मागच्या रांगांतल्या पोरांनी, ज्यांना पुढचं काहीच दिसलं नव्हतं, सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"बाईंवर हात टाकला!" नाना ओरडले. "हाना! हाना त्येंच्यायला!"

घोंगड्या फेकल्या गेल्या. आतून काठ्या निघाल्या, चेनी निघाल्या, उसाचे कोयते निघाले. आबांच्या जाड्याचा कान अर्धा लोंबायला लागलेला मी बघितला. नानांच्या एका पोराला चौघांनी खाली पाडून लाथांनी तुडवलं आणि तो हलायचा थांबला तरी तुडवतच राहिले. कुणीतरी लेझमीच मुलींच्या हातांतून हिसकावून घेतल्या आणि त्यांनी डोकी फोडायला सुरुवात केली. बनसोडे सर पोरांना वर्गात रेटत होते. मी एका हातानं दुसरा हात धरून "वर्गात जा, वर्गात जा" म्हणून ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

मग मुतारीच्या मागून दगड यायला लागले. आंधळेपणानं, वरून, पावसासारखे. लहान पोरं एकमेकांवर पडून दारात अडकली. रेश्मा शेवटच्या मुलींना पुढं घालून मागं राहिली होती. ती वळली आणि दगड तिच्या तोंडावर बसला. ती ओरडली नाही. दोन्ही हात डोळ्यावर धरून खाली बसली आणि बोटांतून रक्त खाली फ्रॉकवर गळायला लागलं. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझी लेझीम नेली त्यांनी."

यापुढचं मला सलग आठवत नाही.

ते कलम कधी कायद्यात आलंच नाही. हरकती इतक्या गेल्या की सुधारलेल्या मसुद्यातून ते आधीच गळालं, आणि बाकीचं विधेयकही सभागृहापर्यंत पोचलं नाही. सरकार बदललं, विषय मिटला. ज्या पेपरात ते आलं होतं त्याच पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत ही बातमी होती. ती निंबोड्यात कुणी वाचली नाही.

त्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यात माझ्या हाताला प्लॅस्टर घातलं. पलीकडच्या खोलीत रेश्मा होती. तिला मिरजेला हलवायची तयारी चालली होती. तिचे वडील, गवंडीकाम करणारे मुल्लाचाचा, दाराशी उभे होते आणि आत जायला घाबरत होते.

हे माझ्या कॉटशेजारी बसले होते. अंगावर ओरखडा नव्हता. फेटा काढून मांडीवर ठेवला होता.

"तू कशाला मध्ये आलीस?" ते म्हणाले.

मला भरून आलं. एवढ्या सगळ्यात त्यांना माझी काळजी आहे, असं मला वाटलं. "मग काय बघत बसू? डोकं फुटलं असतं तुमचं." मग मी उठून बसले. "आधी हे ऐका. कुणी मारलं ठाऊक आहे? श्रीपती! सकाळी आपल्याकडं चहा पिऊन गेला तो. नानांच्या माणसांत जाऊन उभा होता. आबांनी तुमच्यावर माणूस घातला, कळतंय का तुम्हाला? तुमचेच आबा!"

ते दचकले नाहीत. त्यांनी दाराकडं बघितलं.

"हळू बोल," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग मांडीवरच्या फेट्याकडं बघितलं. त्याच्या आतून घडी केलेल्या जाड टॉवेलचा कोपरा दिसत होता. आमचाच टॉवेल होता तो, हिरव्या काठाचा.

"तुम्हाला माहीत होतं."

"हळू मारणार होता तो. मी स्वतः बघून घेतलं होतं. खोक पडली असती, रक्त आलं असतं, बास. नानांच्या माणसानं मुख्याध्यापकाला झेंड्याखाली मारलं, दोन फोटोग्राफरांसमोर. केस झाली असती आणि नाना बाहेर गेले असते. कायमचे."

"आणि मी?"

"तुला मी मागं हो म्हटलं होतं." त्यांचा आवाज चिरकला. "हेमा, मी थकलो. रोज दोन हुकूम, रोज मधली वाट. गाडी जाळली, उद्या घर जाळतील. एक फटका खाल्ला की सगळं संपणार होतं. एकच खुर्ची राहिली असती, शांतपणे शाळा चालली असती. मी काय माझ्यासाठी केलं?"

"खुर्ची कुणाची राहिली असती?"

त्यांनी टॉवेलचा कोपरा फेट्यात आत खोचला.

खरं सांगते, त्या क्षणी मला हाताचं काही वाटलं नाही. हात मोडतो, जुळतो. दोरीला दोघांचे हात लावू म्हणाले होते तेव्हा मी पिठाच्या हातांनी यांच्या गळ्यात पडले होते, ते आठवून मला शिसारी आली.

"रेश्माचा डोळा गेला," मी म्हणाले.

"ते दगड नानांचे."

"दगड ठेवलेत हे मी तुम्हाला सांगितलं होतं. ते तिथं आहेत हे ठाऊक असताना तुम्ही दांडा उचलू दिलात. पोरं रांगेत उभी असताना."

"कुणाला काही होणार नव्हतं," ते म्हणाले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. मग माझ्या चांगल्या हातावर हात ठेवून म्हणाले, "फौजदार येतील. तू एवढंच म्हण, कोण होता दिसलं नाही. नानांच्या बाजूनं आला, एवढंच. ते काही खोटं नाही. तू मला अडकवणार नाहीस, मला माहीत आहे."

मी हात काढून घेतला.

फौजदारांच्या आधी नाना आले. शहाळं घेऊन आले आणि स्टूल ओढून बसले. यांना बघून न बघितल्यासारखं केलं. हे उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमी आमची लाज राखली," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. "आमच्या मुख्याध्यापिकेचा हात मोडला, त्यो बी झेंड्याखाली. फोटू आलाय, मी बगितला. आता आबा कसा सुटतो तेच बगतो. निस्तं नाव सांगा तुमी. शाळा आपलीच झाली म्हनून समजा."

"नाना, मुल्लाचाचा बाहेर उभे आहेत. त्यांना भेटलात?"

"भेटू की. पोरीच्या औशीदपाण्याचं आमी बगू." त्यांनी शहाळ्यात नळी घातली आणि माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही.

तांदळे फौजदार हवालदाराला घेऊन आले. हवालदारानं मांडीवर कागद घेतले. फौजदारांनी नानांना बाहेर जायला सांगितलं, तर मी म्हणाले, "राहू द्या. त्यांनी ऐकलेलं बरं."

"बाई, हात कुणी मोडला?"

"श्रीपती. आबांच्या वरच्या मळ्यावरचा गडी. गावात कुणी ओळखत नाही त्याला, मी ओळखते. सकाळी माझ्या घरी आला होता."

नाना पुढं सरकून बसले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"आबांच्या. रंगराव भोइटे. मारायचं मला नव्हतं, खोतसरांना होतं, म्हणजे आळ नानांवर आला असता."

"बगा! बगा सायेब!" नाना म्हणाले.

"अजून संपलं नाही," मी म्हणाले. "रेश्माला लागला तो दगड मुतारीमागच्या ढिगातला. तो ढीग जयसिंग भोइट्यांनी टाकला. मी उचला म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी तुम्हालाही येऊन सांगितलं होतं. लिहा तेही."

हवालदारानं फौजदारांकडं बघितलं. फौजदारांनी खाली बघितलं आणि मग मान हलवली. नाना उठले. "बाई, कुनाच्या जिवावर खुर्चीवर बसलात त्याची याद ठेवा," ते म्हणाले आणि शहाळं तिथंच टाकून गेले. ते निघाले तेव्हा दारातून हे बाजूला झाले.

"एवढंच?" फौजदारांनी विचारलं.

यांची नजर माझ्यावर होती. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. मला हा माणूस आवडत होता, अजूनही आवडत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी स्ट्रेचर ओढत आणलं. रेश्मा "अब्बा, तुम्ही पण चला" म्हणाली. मुल्लाचाचा "चल बेटा, चल" म्हणत राहिले.

"नाही," मी म्हणाले. "आणखी एक नाव आहे. स्वतःवर हल्ला होणार हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं आणि ज्यानं हो म्हटलं."

फौजदारांनी माझी नजर जिकडं होती तिकडं बघितलं.

"बाई, एकदा लिहिलं की खोडता येत नाही. मी अर्ध्या तासानं परत येऊ का?"

"नको."

"मग पूर्ण नाव सांगा."

"मुरलीधर रामचंद्र खोत," मी म्हणाले. "मुख्याध्यापक. हुद्दा लिहायला विसरू नका."

हवालदारानं हुद्दा लिहिला, कागद माझ्यापुढं धरला आणि मी उजव्या हातानं सही केली.